डबल लेअर डिस्क घरच्या प्लेअरवर चालवायचीय? मग ती काठोकाठ भरू नका

मागे घरच्या एका कार्यक्रमाचं साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर टाकायचं ठरवलं, म्हटलं ८.५ जीबीची डबल लेअर डीव्हीडी आहे, जागा भरपूर आहे, मग क्वालिटी का कमी करायची, आणि बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा) ताणून ताणून डिस्क अगदी शेवटच्या एमबीपर्यंत भरली. कॉम्प्युटरवर झकास चालली. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली तर पहिले पावणेदोन तास सगळं व्यवस्थित, आणि मग बरोबर मधोमध चित्र गोठलं ते गोठलंच. प्लेअर जुना झालाय म्हणून त्याला शिव्या घातल्या, दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणल्या, परत तेच. तीन डिस्क वाया गेल्यावर शांतपणे बसून समजून घेतलं की नक्की होतंय काय, आणि लक्षात आलं की प्लेअरची चूक अगदी थोडी होती, बाकी सगळी माझीच.

तर तेव्हापासून जी पद्धत वापरतोय ती इथे सविस्तर लिहितो. जास्त भर डबल लेअर डीव्हीडीवर आहे कारण घोळ तिथेच सगळ्यात जास्त होतात, ब्लू-रेबद्दल शेवटी थोडक्यात.

आधी डिस्क समजून घ्या

साधी सिंगल लेअर डीव्हीडी ४.७ जीबीची, डबल लेअर ८.५ जीबीची. हे कंपनीच्या हिशोबाचे जीबी, म्हणजे एक जीबी बरोबर शंभर कोटी बाईट. विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं त्यामुळे तिथे हेच आकडे ४.३८ आणि ७.९६ असे दिसतात. डिस्कमध्ये काही खोट नाही, मोजपट्टी वेगळी आहे एवढंच. पण "८.५ ची डिस्क आहे, माझा फोल्डर ८.२ चा आहे, बसेल" असं विंडोजमध्ये बघून ठरवलंत तर फसाल.

डबल लेअर म्हणजे एकाच बाजूला दोन थर. वरचा थर अर्धपारदर्शक असतो, लेझर त्याच्यातून आरपार जाऊन खालचा थर वाचतो. साहजिकच परत येणारा उजेड कमी. कारखान्यात छापलेली सिंगल लेअर डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के उजेड परत देते, छापलेली डबल लेअर फक्त १८ ते ३०. आपण बर्न केलेली डबल लेअर साधारण त्या खालच्या टोकाला असते. त्यामुळे ज्या प्लेअरचा लेझर म्हातारा झालाय तो सिंगल लेअर डिस्क आनंदाने चालवतो आणि डबल लेअर घातली की कुरकुरतो. यावर सॉफ्टवेअरने इलाज नाही, हे आधीच मान्य करून टाका. मात्र तुमचा प्लेअर दुकानातल्या सिनेमाच्या डबल लेअर डिस्क पूर्ण चालवत असेल तर लेझर ठीक आहे असं समजून पुढे जायला हरकत नाही.

बर्न करायच्या डबल लेअर डिस्क दोन जातीच्या, प्लस आर डीएल (DVD+R DL) आणि मायनस आर डीएल (DVD-R DL). प्लसवाली २००४ मध्ये आली, मायनसवाली त्यानंतर वर्षभरात. घरच्या प्लेअरसाठी माझं मत एकदम स्पष्ट आहे, प्लस आर डीएल घ्या. कारण खाली बुक टाईपच्या भागात येईल. आणि घेताना वेष्टनावर नीट वाचा, "डबल साईड" आणि "डबल लेअर" हे वेगळे प्रकार आहेत, डबल साईडवाली उलटी करून घालावी लागते आणि एका बाजूला ४.७ च जीबी बसतात.

डिस्कच्या वेष्टनावरच्या ब्रँडपेक्षा आतला मीडिया कोड, म्हणजे डिस्क मुळात कोणाच्या बनावटीची हे सांगणारी नोंद, महत्त्वाचा. तो डिस्क ड्राईव्हमध्ये घातली की इमगबर्न या बर्निंग प्रोग्रॅमच्या उजव्या बाजूच्या माहितीत दिसतो. एमकेएम ००१ आणि एमकेएम ००३ हे मित्सुबिशीच्या तंत्राचे कोड, पहिला २.४ एक्स स्पीडवाल्या डिस्कचा, दुसरा ८ एक्सवाल्या, आणि डबल लेअरमध्ये याच डिस्कवर लोकांचा जास्त भरवसा राहिला आहे. एकाच ब्रँडच्या दोन पॅकमध्ये वेगवेगळे कोड निघू शकतात, म्हणून जो कोड तुमच्या रायटरवर (डिस्क लिहिणाऱ्या ड्राईव्हवर) आणि प्लेअरवर चालला तो लिहून ठेवा.

व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बसवणे

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एमपी४ फाईल नुसती डिस्कवर टाकायची आणि प्लेअर वाचेल अशी आशा धरायची. काही प्लेअर वाचतातही, पण साधा डीव्हीडी प्लेअर जे हमखास वाचतो ते म्हणजे व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाईली. व्हिडिओ एमपेग-२. पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती, पाल असेल तर ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७. तुमचं मूळ रेकॉर्डिंग २५ किंवा ५० फ्रेमचं असेल तर पाल करा, ३० किंवा ६० चं असेल तर एनटीएससी. उगाच एकाचं दुसरं केलं तर हालचाल झटके मारत दिसते. पण त्याआधी प्लेअर आणि टीव्ही ते घेतात का बघा, कारण काही जुने टीव्ही एनटीएससी काळंपांढरं दाखवतात नाहीतर चित्र वरखाली गोल गोल फिरतं.

आवाज एसी-३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये ठेवा, स्टिरिओला १९२ किंवा २२४ केबीपीएस पुरे. एएसी डीव्हीडी व्हिडिओत बसत नाही, आणि हल्लीच्या मोबाईल रेकॉर्डिंगमध्ये तोच असतो, त्यामुळे आवाज कन्व्हर्ट करावाच लागतो.

हे सगळं करायला फुकटातलं डीव्हीडीस्टायलर चांगलं आहे. नवीन प्रोजेक्ट करताना डिस्कची साईज ८.५ जीबी निवडा, पाल किंवा एनटीएससी निवडा, ऑडिओ एसी-३, रीजन सगळ्यांसाठी खुला. मेन्यू हवा तर साधा ठेवा. ॲनिमेटेड मेन्यू, मागे गाणं, उडणारी बटणं, हे सगळं करून दोन दिवस घालवतात लोक आणि बघणारा मात्र पहिल्याच सेकंदाला प्लेचं बटण दाबतो. शेवटी बर्न करायच्या ऐवजी फक्त फोल्डर तयार करायला सांगा, बर्न आपण वेगळं करणार आहोत.

बिटरेटचा हिशोब, आणि काठ सोडायची गोष्ट

हिशोब सोपा आहे. जितके जीबी वापरायचे त्याला ८००० ने गुणा आणि व्हिडिओच्या एकूण सेकंदांनी भागा, उत्तर एमबीपीएसमध्ये येतं. माझं साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग म्हणजे १२,६०० सेकंद. ७.५ जीबी वापरायचे ठरवले तर ७.५ गुणिले ८००० भागिले १२,६००, म्हणजे ४.७६. त्यातून आवाजाचे ०.२ गेले, मेन्यू आणि बांधणीचा खर्च म्हणून थोडं अजून सोडलं, व्हिडिओला ४.४ एमबीपीएस धरा. टू-पास एन्कोडिंग, म्हणजे एका फेरीत व्हिडिओ तपासून दुसऱ्या फेरीत कन्व्हर्ट, केलं तर साडेतीन तासांना हे छान दिसतं. तुलनेसाठी, हेच सिंगल लेअरवर कोंबलं असतं तर जेमतेम २.७ मिळाले असते, आणि त्यात नाचणाऱ्या माणसांचे चौकोन चौकोन दिसतात.

डीव्हीडीची वरची मर्यादा व्हिडिओला ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ एमबीपीएस आहे, पण बर्न केलेल्या डिस्कवर मी कमाल ८ च्या वर कधी जाऊ देत नाही. प्लेअरला एखादा भाग दोनदा वाचायची वेळ आली तर तेवढी उसंत हवी ना त्याला.

आता खरा मुद्दा. ८.५ असताना ७.५ च का?

ड्राईव्ह पहिला थर आतून, म्हणजे मधल्या भोकाकडून, बाहेरच्या काठाकडे लिहीत जातो. मग थर बदलतो आणि दुसरा थर बाहेरून परत आत. म्हणजे थर बदलायची जागा ही त्या डिस्कवर वापरलेली सगळ्यात बाहेरची जागा. डिस्क काठोकाठ भरली की ही जागा अगदी खरोखरच्या काठावर जाते, आणि काठ म्हणजे डिस्कचा सगळ्यात बेभरवशाचा भाग, तिथे रंगद्रव्याचा थर असमान असतो, डिस्क किंचित वाकलेली असेल तर ती तिथेच जास्त वाकते, बोटांचे ठसेही तिथेच लागतात. तर प्लेअरला सगळ्यात अवघड काम म्हणजे थर बदलणं, ते आपण त्याला सगळ्यात खराब जागी करायला लावतो. एक जीबी मोकळा सोडला की ती जागा आत सरकते. एवढ्या एका गोष्टीने माझा अर्धा त्रास संपला.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे, तो पुढच्या भागात.

लेअर ब्रेक: इथे घाई केलीत तर डिस्क गेली

थर बदलायची ही जागा म्हणजे लेअर ब्रेक. डेटा डिस्कवर ती कुठेही असली तरी चालते. व्हिडिओ डिस्कवर नाही. व्हिडिओ डिस्कसाठी नियम असे आहेत: ब्रेक एका सेलच्या सुरुवातीला पडला पाहिजे, सेल म्हणजे व्हिडिओचा एक तुकडा, त्याची सुरुवात म्हणजे साधारणपणे चॅप्टरची सुरुवात समजा. ती जागा १६ सेक्टरच्या पटीत हवी, कारण डिस्कवर चुका दुरुस्त करायचा एक ठोकळा १६ सेक्टरचा म्हणजे ३२ केबीचा असतो. पहिला थर दुसऱ्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. आणि पहिल्या थरात मावतं त्यापेक्षा जास्त अर्थातच टाकता येत नाही, प्लस आर डीएलला ती मर्यादा २०,८६,९१२ सेक्टर, म्हणजे ४.२७ जीबी.

हे शेवटचे दोन नियम एकत्र ठेवून बघा. माझी पहिली डिस्क ८.४ जीबीची होती. पहिला थर किमान निम्मा म्हणजे ४.२ आणि कमाल ४.२७. म्हणजे ब्रेक टाकायला मिळालेली फट ०.०७ जीबीची, त्या बिटरेटला दोन मिनिटंसुद्धा नाही! त्या दोन मिनिटांत माझा एकही चॅप्टर नव्हता, बर्निंग प्रोग्रॅमने काही न विचारता बरोबर मध्यावर भर प्रसंगात थर बदलला आणि प्लेअर तिथे आंधळा झाला. हेच ७.५ जीबीला किमान ३.७५, कमाल ४.२७, फट अर्ध्या जीबीची, वेळेत चौदा मिनिटांच्या वर. दर पाच मिनिटांनी चॅप्टर ठेवला असेल तर त्यात दोन-तीन जागा हमखास सापडतात.

म्हणून ऑथरिंग, म्हणजे डीव्हीडीचा फोल्डर तयार, करतानाच दर पाच मिनिटांनी चॅप्टर टाका, डीव्हीडीस्टायलरमध्ये ठरावीक अंतराने चॅप्टर आपोआप टाकायची सोय आहे. एका टायटलला ९९ चॅप्टरपर्यंत चालतात, त्यामुळे कंजुषी नको. शिवाय मध्याच्या आसपास जिथे प्रसंग बदलतो, स्क्रीन काळी होते, कोणी बोलत नाही, अशा एक-दोन जागा डोळ्याने बघून तिथे हाताने चॅप्टर द्या. तिथे अर्धा सेकंद अडखळलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आता इमगबर्न. फक्त विंडोजवर चालतं, शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ ची, तरी या कामाला मला यापेक्षा चांगलं काही मिळालेलं नाही. डाउनलोड कुठून करता यावर लक्ष ठेवा, इन्स्टॉलरसोबत नको ती सॉफ्टवेअर चिकटवलेली असू शकतात, प्रत्येक पानावर वाचून नाही म्हणत पुढे जा.

बिल्ड मोडमध्ये जा, आउटपुट म्हणून थेट डिस्क न निवडता इमेज फाईल निवडा, आणि तुमचा व्हिडिओ टीएस फोल्डर ओढून टाका. फोल्डर आत आत गुंडाळलेला नको, तो डिस्कच्या अगदी मुळाशी दिसला पाहिजे. फाईल सिस्टिम आयएसओ ९६६० अधिक यूडीएफ १.०२ अशी हवी, व्हिडिओ फोल्डर ओळखला की इमगबर्न तशीच सुचवतं, फक्त हो म्हणा. मग ते लेअर ब्रेकच्या संभाव्य जागांची यादी दाखवतं, प्रत्येकीपुढे पहिल्या आणि दुसऱ्या थराची टक्केवारी असते आणि ती जागा किती चांगली हे ताऱ्यांनी दाखवलेलं असतं. प्रिव्ह्यू बघून तुम्ही आधी ठरवलेली शांत जागा निवडा. दोन सारख्याच चांगल्या जागा असतील तर निम्म्याच्या जास्त जवळची घ्या, म्हणजे ब्रेक काठापासून जास्त आत राहील.

तिथेच सीमलेस करायचा पर्याय असतो. मोह होतो, कारण सीमलेस म्हणजे न अडखळता. पण जुन्या प्लेअरसाठी तो बंद ठेवा. बंद असेल तर प्लेअरला आधीच कळतं की इथे क्षणभर थांबायचंय, तो थांबतो, थर बदलतो आणि पुढे जातो. चालू ठेवलात तर प्लेअर न थांबता जायचा प्रयत्न करतो आणि काहींना ते झेपत नाही.

यादीच आली नाही, किंवा योग्य जागा नाही असं म्हणालं, तर परत ऑथरिंगला जाऊन मध्यावर एक-दोन चॅप्टर वाढवा. जबरदस्तीने पुढे जाऊ नका, डिस्क वाया जाईल.

तयार झालं की दोन फाईली मिळतात, एक आयएसओ आणि एक छोटीशी एमडीएस. लेअर ब्रेकची माहिती त्या एमडीएसमध्ये असते. बर्न करताना आयएसओ उघडू नका, एमडीएस उघडा. ही एवढीशी फाईल कचरा समजून डिलीट करणारे मी बघितलेत.

बुक टाईप

प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी नोंद असते, मी कोणत्या प्रकारची डिस्क आहे हे सांगणारी. प्लेअर आधी ती वाचतो. तिथे "प्लस आर डीएल" लिहिलेलं दिसलं की २००४ च्या आधीचा प्लेअर गोंधळतो, त्याच्या जन्माच्या वेळी असा प्रकारच नव्हता, मग तो सरळ "नो डिस्क" म्हणून मोकळा होतो. पण त्याच जागी "डीव्हीडी रॉम" लिहिलं तर प्लेअरला वाटतं ही दुकानातली छापील डिस्क, कमी उजेडाची डबल लेअर, नेहमीची, आणि चालवायला घेतो. थोडक्यात डिस्कला खोटं बोलायला शिकवायचं. प्लस जातीच्या डिस्कवर हे करता येतं, मायनसवर ती नोंद बदलता येत नाही, म्हणून मी सुरुवातीला प्लस घ्या म्हटलं.

बरेच रायटर प्लस आर डीएलला आपोआप डीव्हीडी रॉम करतात, पण गृहीत धरू नका. इमगबर्नच्या राईट मोडमध्ये पुस्तकाचं चिन्ह असलेलं बटण आहे, त्यात तुमच्या रायटरच्या कंपनीचा टॅब निवडा, प्लस आर डीएल साठी डीव्हीडी रॉम निवडून चेंज करा. बर्न करायच्या आधी. नंतर बदलत नाही. बर्न झाल्यावर डिस्क परत घालून माहितीत बुक टाईप डीव्हीडी रॉम दिसतंय ना तपासा. लॅपटॉपच्या पातळ रायटरमध्ये आणि काही यूएसबीवाल्यांत ही सोय नसते, तसं असेल तर दुसरा रायटर शोधणं हा एकच मार्ग.

बर्न

स्पीडबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की जितकं हळू तितकं चांगलं. पूर्ण खरं नाही. डिस्क ज्या स्पीडसाठी बनवली असते त्याच्या आसपास रायटरचा अंदाज सगळ्यात बरोबर बसतो. २.४ एक्सची डिस्क २.४ किंवा ४ वर, ८ एक्सची डिस्क ४ किंवा ६ वर, मी असं करतो. ८ वर कधीच नाही. पूर्ण भरलेल्या डिस्कला २.४ वर साधारण ४३ मिनिटं लागतात, ४ वर २६. त्या वेळात कॉम्प्युटरवर दुसरं जड काम करू नका, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि स्लीप बंद करा, मध्येच झोपला की डिस्कचा निकाल.

व्हेरिफायला टिक ठेवा. वेळ दुप्पट लागतो पण डिस्क वाचण्याजोगी आहे का ते तिथेच कळतं. साधारण ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थर बदलताना, वाचण्याचा स्पीड एकदम खाली येऊन परत वर जात असेल तर थोडंफार चालतं, पण तिथे तो अडकून परत परत प्रयत्न करत असेल तर घरचा प्लेअर तिथेच अडकणार हे नक्की धरा.

आणि डिस्क फायनलाईज, म्हणजे लिहून झाल्यावर बंद, झालीच पाहिजे. इमगबर्न ते आपोआप करतं. विंडोजचं स्वतःचं बर्निंग वापरलंत तर ते सुरुवातीला विचारतं की पेनड्राईव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पेनड्राईव्हसारखी निवडलेली डिस्क घरचा प्लेअर वाचेल ही अपेक्षा सोडा.

चालली नाही तर काय बघायचं

लक्षण बघून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं.

डिस्क घातली आणि प्लेअर थोडा वेळ फिरवून "नो डिस्क" म्हणाला, तर आधी बुक टाईप, मग लेझर. छापील डबल लेअर सिनेमा घालून बघा, तोही अडखळला तर दोष प्लेअरचा. लेन्सवर धूळ असेल तर फुंकणीने हवा मारून कधी कधी काम होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात.

डिस्क ओळखली पण "अनसपोर्टेड" किंवा नुसती फाईलींची यादी दाखवली, तर फोल्डर चुकीच्या जागी आहे किंवा फायनलाईज झालेली नाही.

बरोबर मध्यावर थांबली तर लेअर ब्रेक. तातडीचा उपाय म्हणजे त्या जागेच्या थोडं आधी चॅप्टर पुढे ढकलायचं बटण दाबायचं, प्लेअर थेट दुसऱ्या थरावर उडी मारतो आणि बऱ्याचदा पुढचं सगळं नीट चालतं. पाहुण्यांसमोर वेळ मारून न्यायला बरं आहे, पण डिस्क परत करावीच लागेल.

मध्याच्या आधीपासूनच चौकोन दिसायला लागले आणि मध्यानंतर हळूहळू कमी होत गेले, तर काठाकडचा भाग खराब बर्न झालाय. स्पीड बदला किंवा डिस्कचा कोड बदला. आणि अजून थोडी जागा सोडा, ७.५ ऐवजी ७ जीबीवर आणा. डोळ्याला फरक कळणार नाही.

चित्र आहे, आवाज नाही, तर ऑडिओ एसी-३ नाहीये.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, वजन एका बाजूला गेलं की डिस्क थरथरते आणि डबल लेअरला ते अजिबात सहन होत नाही. पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा. पुसायची असेल तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही.

ब्लू-रे असेल तर

इथे आयुष्य सोपं आहे. लेअर ब्रेकसाठी सेल शोधायची भानगड नाही, बुक टाईप नाही. बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहायची ब्लू-रे, २५ जीबीची, डबल लेअर बीडी-आर ५० ची, आणि घरचे बहुतेक ब्लू-रे प्लेअर दोन्ही घेतात. १०० आणि १२८ जीबीच्या असतात त्या बीडीएक्सएल, २०१० मध्ये आल्या, त्यात तीन किंवा चार थर. या डेटाच्या बॅकअपसाठी ठीक, साधा घरचा ब्लू-रे प्लेअर त्या वाचत नाही. दुकानातले १०० जीबीचे फोरके सिनेमे प्लेअरवर चालतात म्हणून बीडीएक्सएल पण चालेल असा हिशोब लावू नका, ते प्रकरण वेगळं.

एलटीएच लिहिलेल्या बीडी-आर टाळा. त्यात डीव्हीडीसारखं सेंद्रिय रंगद्रव्य असतं आणि जुन्या प्लेअरना त्या वाचायला फर्मवेअर अपडेट लागतं, नाहीतर वाचतच नाहीत. साध्या एचटीएलवाल्या घ्या.

व्हिडिओ एच.२६४ मध्ये, हाय प्रोफाईल, लेव्हल ४.१, कमाल ४० एमबीपीएस, पण घरच्या रेकॉर्डिंगला २० ते २५ भरपूर. एच.२६५ साध्या ब्लू-रेत चालत नाही, मोबाईलवर त्यात शूट केलं असेल तर कन्व्हर्ट करा. टीएसमक्सर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ब्लू-रे व्हिडिओचा बीडीएमव्ही फोल्डर करता येतो, मेन्यू नसतो पण डिस्क घातली की सरळ सुरू होते, म्हाताऱ्या माणसांना हेच आवडतं खरं तर. बीडीएमव्हीच्या शेजारी सर्टिफिकेट नावाचा फोल्डरही ठेवा, रिकामा असला तरी चालतो, काही जुने प्लेअर तो नसेल तर नखरे करतात. फाईल सिस्टिम यूडीएफ २.५०.

मधला एक मार्ग पण आहे जो फारसा कोणी वापरत नाही. ब्लू-रे प्लेअर आहे पण ब्लू-रे रायटर नाही, तर एव्हीसीएचडी करा. टीएसमक्सरमध्येच तो पर्याय आहे. एचडी व्हिडिओ साध्या डबल लेअर डीव्हीडीवर बसतो, बिटरेट १८ एमबीपीएसच्या आत ठेवायचा, ७.५ जीबीत साधारण तासभर येतो. एव्हीसीएचडीचा लोगो असलेले ब्लू-रे प्लेअर ती चालवतात. साधा डीव्हीडी प्लेअर मात्र नाही, त्यामुळे ज्यांना डिस्क देणार त्यांच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. म्हणून मी हल्ली आयएसओ आणि एमडीएस दोन्ही हार्डडिस्कवर जपून ठेवतो, शेजारी एका टेक्स्ट फाईलमध्ये डिस्कचा कोड, बर्नचा स्पीड आणि कोणत्या प्लेअरवर चालली एवढं लिहून. मागच्या महिन्यात एका नातेवाईकांची डिस्क ओरखडे पडून गेली, फाईल उघडून तीच सेटिंग लावली आणि पाऊण तासात दुसरी हातात दिली.